जॉइंट मळकट दिसला म्हणून त्यावर साधं सोल्डर मारू नका

मालक, हे पत्रक छापायचं कारण एकच आहे. टीव्हीचा, वॉशिंग मशीनचा, इन्व्हर्टर एसीचा बोर्ड आमच्या काउंटरवर येतो तेव्हा बऱ्याचदा त्यावर आधीच कुणीतरी हात मारलेला असतो, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "जॉइंट मळकट दिसत होता, ड्राय झालाय वाटलं, म्हणून घरीच जरा सोल्डर लावून बघितलं."

सोल्डर म्हणजे पार्टची पिन बोर्डाला जोडायला वितळवतात तो धातू, जॉइंट म्हणजे त्याचा टाका, आणि टाका चिरला की त्याला ड्राय म्हणतात. पण तो जॉइंट बहुतेक वेळा चांगला असतो. हल्लीच्या बोर्डावर लेड-फ्री सोल्डर असतं, म्हणजे बिनशिशाचं, आणि ते थंड झाल्यावर जुन्या सोल्डरसारखं चकाकत नाही, जरा फिकट आणि दाणेदारच दिसतं. खरा ड्राय जॉइंट ओळखायचा तर भिंगाखाली बघा, पिनेच्या भोवती गोल बारीक चीर दिसते, पिन हलवली की हलते. रंगावरून काही ठरवू नका.

बिनशिशाचं कशाला काढलं, जुनं चालत होतं की, असं सगळेच विचारतात. युरोपात १ जुलै २००६ पासून आणि आपल्याकडं ई-कचऱ्याच्या नियमांखाली १ मे २०१४ पासून कंपन्यांवर मर्यादा आहे: शिसं, पारा, एक प्रकारचं क्रोमियम आणि प्लास्टिक पेटू नये म्हणून घालतात ती ब्रोमीनची दोन रसायनं ०.१ टक्क्याच्या आत, कॅडमियम तर ०.०१ टक्क्याच्या आत. आता ही टक्केवारी अख्ख्या टीव्हीच्या वजनावर मोजत नाहीत, प्रत्येक पदार्थ वेगळा धरतात, सोल्डर वेगळं, वायरचं कव्हर वेगळं. म्हणजे किलोभर सोल्डरमध्ये शिसं जास्तीत जास्त १ ग्रॅम, आणि बाजारात मिळते ती ६०/४० ची (६० भाग कथिल, ४० भाग शिसं) साधी सोल्डर वायर घेतली तर त्यात किलोला ४०० ग्रॅम शिसं!

आता मुख्य मुद्दा. साधं, म्हणजे शिशाचं, सोल्डर १८३ अंशाच्या आसपास वितळतं आणि लेड-फ्री २१७ च्या पुढं, त्यामुळं घरच्या छोट्या सोल्डरिंग आयर्ननं वरून साधी वायर लावली की वरचा थर वितळतो, खालचा नीट वितळतच नाही, दोन्ही अर्धवट मिसळतात, जॉइंट दिसायला चकचकीत होतो पण आतून कच्चा राहतो. मग वितळत नाही म्हणून लोक आयर्न तसंच दाबून धरतात आणि तांब्याचा पॅड, म्हणजे बोर्डावर पिन जिथं जोडलेली असते तो ठिपका, उखडून वर येतो. काही नव्या बोर्डांत बिस्मथ नावाच्या धातूचं सोल्डर असतं, त्यात शिसं गेलं की ९६ अंशालाच वितळणारा भाग तयार होऊ शकतो, आणि पॉवर सप्लायचे पार्ट किती तापतात ते तुम्हाला माहितीय, त्यात आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे. असा बोर्ड आला की आम्हाला आधी सगळं मिसळलेलं सोल्डर विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी) लावून ओढून काढावं लागतं, पॅड साफ करायचे, तुटलेला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) वरून जंपर वायर टाकून जोडायचा, आणि मग मूळ फॉल्ट शोधायला सुरुवात. तासाभराचं काम दिवसावर जातं आणि बिल वाढतं ते यामुळंच, आम्हाला पण ते बरं वाटत नाही.

आमच्याकडं दोन्ही सोल्डरची टेबलं वेगळी आहेत, आयर्न वेगळी, बिट (आयर्नची टोकं) वेगळे. २०१४ च्या आधीचा जुना सेट असेल आणि त्यावर मूळचं शिशाचंच सोल्डर असेल तर तिथं आम्ही तेच वापरतो, नव्या बोर्डावर मात्र लेड-फ्रीच. नियमांचं बंधन मुख्यतः माल बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे, दुकानात येऊन कुणी तपासत नाही हे खरंय, पण कंपनीनं शिसं काढलेल्या वस्तूत आपण ते परत घालायचं हे आम्हाला पटत नाही. लेड-फ्रीचा चार्ज थोडा जास्त का तर त्या वायरीत शंभर ग्रॅमला ३ ग्रॅम चांदी असते, आणि बिट पण लवकर झिजतात.

एक कळकळीचं सांगणं, विशेषतः जी पोरं घरी रिपेअरिंग शिकतायत त्यांना. शिसं अंगात धुरातून फारसं जात नाही, हातातून तोंडात जातं. सोल्डर वायर दातात धरू नका, वायर धरलेल्या हातानं मावा मळू नका, लहान लेकरांना त्या टेबलाजवळ येऊ देऊ नका, काम झालं की साबणानं हात धुवा. धूर असतो तो फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट चिकटावं म्हणून वायरीत घातलेल्या पदार्थाचा, तो लेड-फ्रीला पण असतोच, म्हणून खिडकी उघडी ठेवा.

तर बोर्ड बंद पडला की आहे तसा काढून आणा, जमत नसेल तर अख्खी वस्तू आणा. आधी कुणी सोल्डर मारलं असेल तर सांगून टाका, आम्ही रागवत नाही, फक्त कुठं मारलं ते कळलं की आमचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे. तपासणीचे पैसे घेत नाही, खर्च आधी सांगतो, हो म्हणालात तरच आयर्न लावतो. हात न लागलेल्या बोर्डाच्या कामाला तीन महिन्यांची गॅरंटी देतो, आधी छेडलेल्या बोर्डाला एकच महिना. यंत्रमागाच्या पॅनलचे बोर्ड पण घेतो, ते शक्यतो सकाळी आणा म्हणजे माग जास्त वेळ बंद राहत नाही.