उत्तरेचा उजेड आणि मूठभर गहू

मे महिना आला की शून्य सावली दिवसाच्या बातम्या सुरू होतात. भर दुपारी गच्चीवर एखादा डबा नाहीतर पाइपचा तुकडा उभा करायचा आणि त्याची सावली पायाखाली गडप झालेली बघायची. मुंबईत हे साधारण 15-16 मेला घडतं. बातमी तिथेच संपते आणि मला दरवर्षी चुटपुट लागते, कारण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू होते. सूर्य डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि जुलैच्या 27-28 तारखेपर्यंत भर दुपारीही उत्तरेकडेच असतो. म्हणजे ‘दुपारी सूर्य दक्षिणेला असतो’ हे शाळेत घोकलेलं वाक्य मुंबईत अडीच महिने खोटं ठरतं.

इंग्लंडात ते बारा महिने खरं असतं. तिथल्या एका वास्तुविशारदानं ते कसं वापरून घेतलं, हे सांगण्याची मला बरेच दिवस खुमखुमी आहे.

कथबर्ट ब्रॉड्रिक. जन्म 1821, गाव हल. लॉकवूड नावाच्या स्थानिक वास्तुविशारदाकडे उमेदवारी केली, 1844-45 मध्ये फ्रान्स-इटली पालथी घातली आणि परत हललाच येऊन पाटी लावली. त्याच्या गाजलेल्या इमारती लंडनमध्ये नाहीत, यॉर्कशरमध्ये आहेत. 1852 मध्ये लीड्सच्या टाउन हॉलची स्पर्धा त्यानं जिंकली तेव्हा त्याचं वय तिशीच्या आसपास होतं. नगरपालिकेला धाकधूक, एवढं मोठं काम या पोराला झेपेल का? परीक्षक होते सर चार्ल्स बॅरी, लंडनच्या पार्लमेंटची इमारत रचणारे. त्यांनी शब्द दिला आणि काम मिळालं. 225 फुटी मनोऱ्याच्या त्या टाउन हॉलचं उद्घाटन 1858 मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीनं केलं. लोक ब्रॉड्रिकला त्यासाठीच ओळखतात. मला त्याची दुसरी इमारत जास्त आवडते, लीड्सचं कॉर्न एक्सचेंज. बांधकाम 1861 ते 1863.

कॉर्न म्हणजे इथे मका नव्हे. ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे धान्य: गहू, सातू, ओट. आपल्या भाषेत हा भुसार बाजार. पण पोती, तराजू, हमाल असला प्रकार आत नव्हता. शेतकरी आणि व्यापारी छोट्या पिशव्यांतून नमुना आणत, घेणारा चार दाणे तळहातावर पसरून बघे आणि सौदा ठरे. माल नंतर परस्पर जाई. म्हणजे कित्येक पोत्यांचा व्यवहार तळहातावरच्या चिमूटभर दाण्यांवर आणि ते कोणत्या उजेडात बघितले यावर ठरायचा. ब्रॉड्रिकनं सुमारे 190 फूट लांब, 136 फूट रुंद अशी लंबवर्तुळाकार इमारत रचली. बाहेर हिऱ्यासारखे पैलू पाडलेले दगड, वर घुमट. घुमटाची कल्पना पॅरिसच्या धान्य बाजारावरून घेतलेली. या घुमटाच्या उत्तर अंगाला त्यानं काचेचं भलंमोठं तावदान ठेवलं.

उत्तरेलाच का? आपल्याकडे या प्रश्नाचं तयार उत्तर मिळतं. उत्तर दिशा कुबेराची, पैशाचा व्यवहार तिकडेच तोंड करून करावा! वास्तुसल्लागार याचे पैसेही घेतात. गंमत अशी की मेलबर्नमध्ये दुपारचा सूर्य बाराही महिने उत्तरेला असतो. तिथल्या मराठी माणसाला दाणे नीट पारखायचे असतील तर दक्षिणेची खिडकी गाठावी लागेल. कुबेरानं विषुववृत्त ओलांडताना घर बदललं असेल तर माहीत नाही. सूर्याचं मात्र गणित करता येतं.

लीड्सचा अक्षांश सुमारे 53.8 अंश. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर येतो, 21 जूनला सुमारे 60 अंश. दोन्ही वेळा दक्षिणेला. उत्तरेच्या उभ्या भिंतीवर ऊन पडतं ते फक्त उन्हाळ्यात, तेही सकाळी लवकर आणि संध्याकाळी. 21 जूनलासुद्धा सूर्यघड्याळाच्या सव्वासातनंतर ते हटतं आणि पावणेपाचनंतरच परत येतं. छपरातली काच तिरकी असली की हिशेब थोडा बदलतो. उत्तरेकडे उतरत्या काचेचा चढ 60 अंशांपेक्षा कमी असेल तर जूनच्या दुपारी तिच्यातून ऊन आत येणारच. पण सप्टेंबरच्या विषुवदिनाला सूर्य 36 अंशांवर उतरलेला असतो. तिथून मार्चपर्यंत 36 अंशांचा चढही पुरतो. इंग्लंडात गहू कापला जातो ऑगस्टच्या सुमारास. म्हणजे नवा माल बाजारात येतो तो नेमका याच काळात!

आता उन्हाचं एवढं वावडं का, हा माझा आवडता भाग. आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या अर्ध्या रुंदीएवढा. इतक्या लहान जागेतून उजेड आला की सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. गव्हाच्या दाण्याला मधोमध खाच असते, ती उन्हात काळी ठिक्कर दिसते. दाण्याची साल थोडी तुकतुकीत, तिच्यावर पांढरा चकाकता ठिपका उमटतो. झालं, निम्मा दाणा सावलीत, उरलेल्यावर चकाकी. साल सुरकुतलेली आहे की नाही, टोकाला कोंब डोकावतोय का, रंग मुळातच मळका आहे का, यातलं काहीच धड कळत नाही.

उत्तरेच्या तावदानातून सूर्य दिसत नाही, आभाळाचा मोठा तुकडा दिसतो. त्या तुकड्यातल्या प्रत्येक बिंदूतून उजेड येतो, वेगवेगळ्या कोनांतून. एका बिंदूनं पाडलेली सावली दुसरा पुसून टाकतो. खाचेच्या तळापर्यंत उजेड पोहोचतो आणि चकाकी पसरून फिकी होते. शिवाय आकडे बघा. थेट ऊन सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), ढगाळ दिवसाचा उघड्यावरचा उजेड साधारण दहा हजार, आपल्या घरातली ट्यूब दोन-तीनशे. डोळ्याला बारकावे टिपायला मधला उजेड बरा, आणि लीड्सला ढगांची कधीच टंचाई नसते.

रंगाचाही प्रश्न आहे. थेट उन्हाचा रंग सकाळी तांबूस, दुपारी पांढरा, संध्याकाळी पुन्हा तांबूस. सूर्यकिरणांना हवेतून जितका लांब प्रवास घडतो तितका त्यातला निळा भाग वाटेत विखुरतो. तोच विखुरलेला निळा भाग उत्तरेच्या आभाळातून खाली येतो, म्हणून तो उजेड किंचित निळसर आणि दिवसभर बराचसा एकसारखा. कापड आणि रंगांच्या कारखान्यांत आज रंग जुळवायला ‘डी 65’ नावाचा प्रमाण प्रकाश वापरतात. ही अशाच दिवसाउजेडाची नक्कल, सुमारे 6500 केल्विनची (उजेडाची छटा तांबूस की निळसर ते या मापात सांगतात). त्यातली मेख अशी की दोन वस्तू एका उजेडात अगदी एका रंगाच्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या. साध्या पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात 450 नॅनोमीटरजवळ निळ्याचा सुळका असतो, मग एक दरी, मग पिवळ्याची टेकडी, आणि गडद लाल जवळपास गायब. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशी एवढ्यावर ‘पांढरा’ म्हणून समाधान मानतात. पण दाण्याची साल कोणती तरंगलांबी किती परतवते ते त्यावर अवलंबून नसतं. उजेडात जी तरंगलांबी नाहीच ती परतणार कुठून? (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर कपाटातून काळा म्हणून काढलेला मोजा बाहेर आल्यावर निळा निघाला होता ते आठवा.)

हेच तंत्र गिरणगावात येऊन पोहोचलं. करवतीच्या दात्यांसारखी गिरण्यांची छपरं आठवतात? दात्याच्या उभ्या बाजूला काच, तोंड उत्तरेला. पण 19 अंश अक्षांशावर तो हिशेब पुरता जमत नाही. 21 जूनला मुंबईचा सूर्य उगवण्यापासून मावळण्यापर्यंत सबंध दिवस उत्तरेलाच असतो. दुपारी तो 85 अंशांच्याही वर, म्हणजे उभ्या काचेला घासून जातो, पण सकाळ-संध्याकाळचं ऊन आत शिरणारच. वाचवतो तो पाऊस. आभाळ भरून आलं की सूर्य कुठे आहे याला अर्थ उरत नाही. सगळ्यात जास्त जाच होतो तो मेच्या उत्तरार्धापासून पाऊस येईपर्यंत.

ब्रॉड्रिकनं पुढे स्कारबरोला ग्रँड हॉटेल बांधलं, 1867 मध्ये पुरं झालं. चार मनोरे म्हणजे ऋतू, बारा मजले म्हणजे महिने, 52 धुराडी म्हणजे आठवडे आणि 365 खोल्या, अशी त्याची ख्याती. आकड्यांची हौस तिकडेही कमी नाही. त्यानंतर काही वर्षांतच तो काम सोडून फ्रान्सला गेला आणि चित्रं काढणं, बाग करणं यात रमला. 1905 मध्ये जर्सी बेटावर वारला. कॉर्न एक्सचेंजमध्ये आज दुकानं आहेत.

गेल्या महिन्यात मी दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली गहू बघून घेतला. सोनेरी, टपोरा, वर दुकानदाराची ग्वाही. घरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, जी सुदैवानं उत्तरेला आहे, ताटात पसरला. दहा-बारा दाणे पोचट निघाले, तिघांना भोकं होती, आणि एका भोकातून सोंडा बाहेर येत होता.