सनस्क्रीनच्या ट्यूबवरचे आकडे कुठून आले

मे महिन्याच्या मध्यावर ठाण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरून जाते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. सूर्य बरोबर डोक्यावर आलेला असतो, किरणांना वातावरणातून कमीत कमी अंतर कापावं लागतं आणि अतिनील किरणांचा मारा शिगेला पोचतो. या किरणांची तीव्रता सांगणारा अतिनील निर्देशांक ३ झाला की त्वचा जपा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी तो ११ च्या आसपास किंवा त्याच्याही वर असतो.

याच दिवसांत नौपाड्यात काय किंवा वाशीत काय, मेडिकलच्या काउंटरवर सनस्क्रीनची मागणी वाढते. गिऱ्हाईक विचारतं, "चांगलं कुठलं?" आणि ट्यूबवरचा सर्वात मोठा आकडा पुढे सरकवला जातो. तो आकडा खोटा नसतो. पण तो ज्या त्वचेसाठी आणि ज्या त्रासासाठी तयार झाला, ती त्वचा आपली नव्हती आणि तो त्रासही मुख्यतः आपला नव्हता. निवड करण्याआधी एवढं कळलं तर पुढचं पुष्कळ सोपं होतं.

डोळ्यांना न दिसणारे हे किरण सापडले १८०१ मध्ये. जर्मनीत योहान विल्हेल्म रिटर यांनी पाहिलं की चांदीचा क्षार जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे, जास्त झपाट्याने काळा पडतो. उन्हाचा त्वचेवर होणारा दीर्घ परिणाम लक्षात यायला मात्र जवळजवळ शतक गेलं. हॅम्बर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या चेहऱ्या-हातांवरच्या जाड, चिरलेल्या, डागाळलेल्या त्वचेचं वर्णन केलं आणि तिचा कर्करोगाशी संबंध जोडला. दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यात आयुष्यभर होडीवर काढलेल्या माणसाचा चेहरा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना उना काय सांगत होते ते लगेच उमजेल. फरक एवढाच की आपल्याकडे मेलॅनिन हे त्वचेतलं रंगद्रव्य जास्त असल्याने त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्या लोकांच्या मानाने खूप कमी आहे. रापणं, सुरकुत्या आणि डाग मात्र चुकत नाहीत.

ट्यूबवरच्या त्या आकड्याचा, म्हणजे एसपीएफचा, जन्म डोंगरात झाला. फ्रान्झ ग्राइटर हा ऑस्ट्रियन रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९३८ मध्ये स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं पिझ ब्युइन शिखर चढताना उन्हाने चांगलाच भाजला. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे तिथे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. ग्राइटर यांनी १९४६ मध्ये आपलं क्रीम बाजारात आणलं आणि १९६२ मध्ये 'सन प्रोटेक्शन फॅक्टर', म्हणजेच एसपीएफ, ही कल्पना मांडली. जर्मनीचे रुडॉल्फ शुल्झे यांनी त्याआधीच, १९५६ मध्ये, अशा मोजणीची पायाभरणी केली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७८ मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि हा आकडा जगभर पसरला.

तो मोजतात कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. माणसाच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात, कृत्रिम ऊन देतात आणि त्वचा लाल व्हायला किती मात्रा लागली ते बघतात. क्रीमशिवाय लागणाऱ्या मात्रेच्या ती किती पट, तो एसपीएफ. म्हणजे मोजमाप लालीचं आहे, आणि लाली आणतात ते मुख्यतः अतिनील किरणांतले यूव्हीबी किरण. एसपीएफ १५ असे सुमारे ९३ टक्के किरण अडवतो, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. तीस आणि पन्नास यांत एका टक्क्याचा फरक. काउंटरवर त्याच फरकासाठी किंमत पुष्कळ वाढलेली दिसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाचणीत लावतात त्याच्या निम्मंही क्रीम घरी आपण बहुतेक जण लावत नाही, आणि थर पातळ झाला की ट्यूबवरचा आकडा त्वचेवर उतरतच नाही.

त्वचेचे प्रकार ठरवण्याचा इतिहासही असाच. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये, सोरायसिस या त्वचारोगाच्या किरणोपचारात मात्रा ठरवण्यासाठी, त्वचेची भाजण्या-रापण्यावरून वर्गवारी केली. सुरुवातीला त्यात फक्त गोऱ्या त्वचेचे चार प्रकार होते. गव्हाळ-सावळी त्वचा पाचवा प्रकार आणि काळी सहावा, ही भर नंतर पडली. आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. ती लाल होत नाही असं नाही, पण तिची खरी तक्रार काळं पडण्याची: टॅन, गालांवरचं वांग, मुरूम गेल्यावर उरलेले डाग. त्याला मोठा हातभार अतिनीलच्याच दुसऱ्या प्रकाराचा, यूव्हीएचा, आणि एसपीएफ त्याबद्दल फारसं सांगत नाही. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. ऐरोली-घणसोलीच्या कार्यालयांत काचेशेजारी बसून काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून यूव्हीएपासून किती बचाव होतो ते सांगणारी ट्यूबवरची 'पीए' ही खूण मला एसपीएफइतकीच मोलाची वाटते. ती जपानमध्ये १९९६ पासून आली आणि तिच्या चाचणीत लाली बघत नाहीत, त्वचा काळवंडून तशीच राहते का ते बघतात. आधी तीन अधिकचिन्हं होती. चौथं २०१३ मध्ये जोडलं गेलं. एसपीएफ ३० आणि पीए++++ असलेली ट्यूब, एसपीएफ ५० लिहून पीएबद्दल गप्प राहणाऱ्या ट्यूबपेक्षा आपल्या त्वचेला जास्त उपयोगी.

आता घटकांकडे वळू, कारण भीती आहे ती तिथे. ती सगळी निराधार नाही. १९४३ मध्ये पेटंट घेतलेलं पाबा हे रसायन अनेक वर्षं लोकप्रिय होतं. अ‍ॅलर्जीच्या तक्रारी आल्या, कपड्यांना पिवळे डाग पडू लागले आणि ते मागे पडलं. ऑक्सिबेन्झोन या दुसऱ्या सनस्क्रीन-रसायनानेही काही जणांना अ‍ॅलर्जी होते. युरोपने त्याचं प्रमाण चेहऱ्याच्या क्रीममध्ये ६ टक्के आणि अंगाला लावायच्या क्रीममध्ये २.२ टक्क्यांपर्यंत खाली आणलं आहे. प्रवाळांना धोका म्हणून हवाईने २०१८ मध्ये कायदा करून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. तो २०२१ पासून लागू झाला. ठाण्याच्या खाडीत प्रवाळ नाहीत, पण सुट्टीत मालवणला पाण्यात उतरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, तिथे आहेत.

सर्वात मोठी खळबळ २०१९ मध्ये उडाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २४ जणांवर चाचणी घेतली: शरीराच्या तीन चतुर्थांश भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस सनस्क्रीन. अव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन आणि एकामसूल ही चारही रसायनं रक्तात ठरलेल्या पातळीच्या वर सापडली. बातम्यांत एवढंच आलं. पण ती पातळी अपायाची सीमारेषा नव्हती. तिच्यावर गेलं तर पुढचे सुरक्षा-अभ्यास करावे लागतात, इतकाच तिचा अर्थ. सनस्क्रीन बंद करू नका, असं संशोधकांनीच लिहिलं होतं. त्याच वर्षी त्या प्रशासनाने झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांना सुरक्षित ठरवण्याचा प्रस्ताव मांडला, पाबा आणि ट्रोलामाइन सॅलिसिलेट यांना नाकारण्याचा, आणि उरलेल्या बारा घटकांबद्दल आणखी माहिती मागितली. माहिती मागणं म्हणजे विषारी ठरवणं नव्हे.

झिंक आणि टायटॅनियमचे हे दोन खनिज घटक किरण आरशासारखे परतवतात, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात तेही बहुतांश अतिनील किरण शोषूनच घेतात. त्यांची अडचण वेगळी: सावळ्या चेहऱ्यावर पांढरट थर दिसतो आणि माणूस वैतागून दुसऱ्या दिवशी लावतच नाही. संवेदनशील त्वचा, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी मी तरीही त्यांचाच आग्रह धरीन. स्प्रे मात्र टाळावा. टायटॅनियमची बारीक भुकटी श्वासात जाणं बरं नव्हे, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत काही स्प्रे बेन्झिन सापडल्याने परत मागवावे लागले होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली आणि टोपडं.

अमेरिकेत सनस्क्रीन औषध मानलं जातं; भारतात ते सौंदर्यप्रसाधन आहे आणि २०२० चे कॉस्मेटिक्स नियम त्याला लागू होतात. त्यामुळे घटकांची यादी वेष्टनावर असते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, त्याखालचे कुठल्याही क्रमाने. ट्यूब उलटून मुंगीएवढी अक्षरं वाचायला बसलं की पहिली अडचण नावांची. ऑक्सिबेन्झोन तिथे 'बेन्झोफिनोन-३' म्हणून दडलेलं असतं. ऑक्टिनॉक्सेट असतं 'इथाइलहेक्सिल मिथॉक्सिसिनामेट'. 'ब्युटाइल मिथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन' म्हणजे अव्होबेन्झोन, यूव्हीए अडवणारं चांगलं रसायन, पण उन्हात एकटं टिकत नाही. ऑक्टिनॉक्सेटबरोबर तर आणखी लवकर मोडतं, म्हणून ही जोडी दिसली तर मी ट्यूब परत ठेवायला सांगेन. 'बिस-इथाइलहेक्सिलऑक्सिफिनॉल मिथॉक्सिफिनाइल ट्रायझिन' हे लांबलचक नाव वाचून दचकू नये. युरोपात ते २००० पासून वापरात आहे, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवतं आणि उन्हात टिकतं.

वांग असलेल्यांनी यादीच्या शेवटी आणखी तीन आकडे शोधावेत: सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९. हे लोहाचे ऑक्साइड, क्रीमला मातकट छटा देणारे. डेट्रॉइटच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की नुसता दिसणारा प्रकाशही चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या त्वचेला काळं करतो आणि तो रंग टिकतो, तर दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्या त्वचेवर असं काही झालं नाही. हा प्रकाश एसपीएफमध्ये धरलेला नाही, पीएमध्येही नाही. त्याला अडवतात ते हे लोहाचे ऑक्साइड, आणि त्यांच्यामुळे पांढरट थराची तक्रारही मिटते.

चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट भरेल इतकं क्रीम घ्यावं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं. घोडबंदर रोडवर स्कूटर चालवणाऱ्या मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळतात, तो चालूच ठेवावा. फक्त कापड दाट विणीचं आणि गडद रंगाचं असावं, कारण पातळ पांढरा सुती कपडा घामाने भिजला की त्यातून अतिनील किरण आणखी सहज आत येतात.