घरच्या विहिरीचं, बोअरचं पाणी तपासायचंय? कोल्हापूर जिल्ह्यातली पद्धत

“आज्जापासून याच आडाचं पाणी पितोय, काय झालं आम्हाला?” खेड्यात पाण्याचा विषय काढला की हे उत्तर ठरलेलं. पण आज्जाच्या वेळी आडाशेजारी शोषखड्डा नव्हता, उसाला एवढा युरिया पडत नव्हता आणि तीनशे फूट खोलीवरचं बोअरचं पाणी कोणी पीत नव्हतं. खडकातून उतरणारं फ्लोराइड आणि खतातून, सांडपाण्यातून झिरपणारं नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं.

सार्वजनिक विहिरी आणि नळयोजनांचे नमुने ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नेतो. तुमच्या परड्यातल्या विहिरीचा नमुना मात्र तुम्हालाच न्यावा लागतो. पात्रतेची अडचण नाही. जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळा सर्वसामान्यांसाठी माफक शुल्कात खुल्या केल्या आहेत. मालक असा, भाडेकरू असा, उत्पन्नाची अट नाही. आपल्याकडे हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा बघतात. आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. तिथे तपासणी संच असेल तर प्राथमिक अंदाज गावातच मिळतो. त्यातल्या जैविक, म्हणजे जंतूंच्या, तपासणीच्या कुपीत पाणी घालून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर पाण्यात मैला मिसळतोय असं समजून पुढची तपासणी लगेच करा.

अर्ज साध्या कागदावर चालतो. नाव, गाव, तालुका, विहीर की बोअर, खोली, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ लिहा. ओळखपत्राची झेरॉक्स जवळ असू द्या. शुल्क भरल्याची पावती जपून ठेवा, अहवाल घेताना ती उपयोगी पडते.

खरी चूक होते ती पुढे. अर्जात नुसतं ‘पाणी तपासून मिळावे’ लिहू नका. रासायनिक आणि जैविक, दोन्ही तपासण्या हव्यात हे स्पष्ट लिहा. फ्लोराइड, नायट्रेट, लोह, कठीणपणा, एकूण विरघळलेले क्षार ही नावं घाला आणि आर्सेनिकची सोय तिथे आहे का, तेही विचारा. घरात सहा महिन्यांखालचं बाळ असेल आणि त्याच्या वरच्या दुधात हे पाणी जात असेल, तर नायट्रेट अजिबात सोडू नका. त्यानं बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं.

नमुना घेताना घाई नको. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळा, बोअर असेल तर पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या, मग काठोकाठ भरा. तेलाचा किंवा कोल्ड्रिंकचा डबा नकोच. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची. तिच्या तोंडाला आतून बोट लागता कामा नये, वर थोडी जागा सोडायची आणि बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवायची. टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नका.

शाहूवाडी, पन्हाळ्याच्या जांभ्याच्या पट्ट्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे संध्याकाळी भरलेली घागर नितळ दिसते आणि सकाळी तळाशी हळदीसारखा गाळ बसलेला असतो. हवा लागल्यावर विरघळलेलं लोह असं खाली बसतं. त्या घागरीतलं वरचं निवळ पाणी नेलंत, तर अहवालात लोह कमी येणारच. पंपाच्या तोंडालाच कॅन धरा.

अहवाल आला की आकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० शी ताडून बघा. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. नायट्रेटची मर्यादा ४५ आणि लोहाची १, या दोन्हींत सवलत नाही. क्षार ५०० पर्यंत, पर्याय नसेल तर २००० पर्यंत. शिरोळच्या क्षारपड भागात हा आकडा आधी बघा. ई-कोलाय हा मैल्यातून येणारा जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक दोनदा करा, पावसाळ्याआधी आणि नंतर. २०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेचा पूर विहिरीत शिरला असेल, तर विहीर उपसून, टीसीएल टाकून, त्याचा वास पूर्ण गेल्यावरच नवा नमुना द्या. तोवर ते पाणी पिऊ नका.