डॉक्टरवर केस टाकायला दुसरा डॉक्टर का लागतो

डॉक्टरच्या चुकीसाठी वकिलाकडे गेलं की तो आधी केसपेपर, रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोट्स मागतो आणि लगेच म्हणतो, हे त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. लोक वैतागतात, पाय वाकडा बसलाय हे दिसतंय ना, अजून काय सिद्ध करायचं? पण नुकसान झालं आणि चूक झाली या कोर्टात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्वी नव्हत्या. बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात (इ.स.पू. १७५० च्या आसपास) वरच्या वर्गातला माणूस शस्त्रक्रियेत मेला किंवा त्याचा डोळा गेला तर वैद्याचे हात तोडायचे, गुलाम मेला तर बदली गुलाम द्यायचा, बास. वैद्याने काळजी घेतली होती का, हा प्रश्नच नाही.

तो प्रश्न इंग्लंडमध्ये १३७४ च्या सुमारास एका केसमध्ये नीट आला. एका बाईचा जखमी हात सर्जनच्या उपचारानंतर कायमचा अधू झाला. न्यायाधीश कॅव्हेंडिश म्हणाले, निष्काळजीपणा असेल तर सर्जन जबाबदार, पण जमेल ते सगळं करूनही हात बरा झाला नाही तर तो दोषी नाही. आणि बाई हरली कशावर, तर सर्जनने उपचाराचं कबूल नेमकं कुठे केलं ती जागा दाव्यात लिहायची राहिली होती! वकील कशाला हवा म्हणणाऱ्यांना मी हीच केस सांगतो.

१७६७ ची केस तर वाचतानाच कळ येते. पाय मोडलेला पेशंट, हाड जुळत आलेलं, तो पट्टी काढायला गेला आणि सर्जनने न विचारता पाय परत मोडला, वर पाय ताणायला दात असलेलं जाडजूड पोलादी यंत्र बसवलं. कोर्टात दुसऱ्या सर्जननीच सांगितलं की अशी पद्धत नाही. ज्युरीने ५०० पौंड दिले ते कायम राहिले. इथे दुसऱ्या डॉक्टरची साक्ष पेशंटच्या कामी आली.

१९५७ च्या बोलम केसमध्ये तीच उलटली. मानसिक आजारासाठी शॉक देताना स्नायू सैल करायचं औषध दिलं नाही, पेशंटची हाडं मोडली, पण औषध द्यावं की नाही यावर डॉक्टरांतच दोन मतं होती. जबाबदार डॉक्टरांच्या एका गटाला मान्य असलेली पद्धत वापरली तर तो निष्काळजीपणा नाही, असं न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं आणि पेशंट हरला. माझ्या मते हे फारच डॉक्टरांच्या बाजूचं होतं. १९९७ मध्ये बोलिथो केसने एवढंच जोडलं की ते मत तर्कालाही पटलं पाहिजे.

मग २०१५, माँटगोमेरी केस, स्कॉटलंडमधली. आईला डायबिटीस, बाळाचा खांदा अडकायची शक्यता ९-१० टक्के, डॉक्टरने ती सांगितलीच नाही, कारण सांगितलं तर बायका सिझेरियनच मागतील. बाळाला कायमची इजा झाली, भरपाई ठरली ५२ लाख ५० हजार पौंड. धोका सांगायचा की नाही हे आता बाकीचे डॉक्टर काय करतात यावर नाही, त्या पेशंटच्या जागी असलेल्या माणसाला काय कळायला हवं यावर ठरणार, असं ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं. त्यामुळे तिकडचा वकील आता केसपेपर चाळता चाळता हेही खोदून विचारतो, सही घेताना तुम्हाला नक्की काय सांगितलं होतं?