धक्का एकच, अर्थ दोन

मधल्या सुट्टीत हायस्कूलच्या नळावर गर्दी. मागून धक्का बसतो, बाटलीतलं पाणी शर्टावर सांडतं. एक पोरगा "बघ की रे जरा" म्हणून हसतो. दुसरा वळून थेट कॉलर धरतो. असं का?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८०मध्ये हेच तपासलं. मुलांनी जुळवत आणलेलं कोडं दुसऱ्या कुणीतरी मोडलं, असं त्यांना भासवलं. मोडणाऱ्याचा हेतू उघड होता, तेव्हा भांडखोर आणि शांत मुलं साधारण सारखीच वागली. हेतू कळत नव्हता तिथे मात्र भांडखोर मुलांनी तो वाईटच धरला. म्हणजे राग धक्क्यापेक्षा त्याच्या अर्थाला येतो.

आता खानापूरच्या एखाद्या खेड्यातून सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकून बेळगावात आठवीला आलेलं पोर डोळ्यांसमोर आणा. मागच्या बाकावर कुणी कन्नडमध्ये काही बोलतं, चौघं हसतात. याला निम्मंच कळतं. उरलेलं निम्मं मन भरून काढतं. सीमाभागात असे क्षण दिवसातून दहा येत असतील. हा प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे, माझा अंदाज. कन्नड किंवा मराठी असण्यात भांडण नसतं, ते त्या न कळलेल्या निम्म्यात असतं.

पण सगळीच पोरं त्यात वाईट भरत नाहीत. डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये ३०९ लहान मुलांचा अभ्यास मांडला. घरी जबर मार खाल्लेली मुलं समोरच्याच्या मनात वैर आहे असं चटकन धरत होती, आणि बालवाडीत जास्त मारामारी करत होती. हात उगारलेला दिसण्याआधीच चुकवायला शिकलेल्या पोराला प्रत्येक हात उगारलेलाच दिसणार. शाळेत छडी मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. "दोन दिल्याशिवाय वळण लागत नाही" हे मात्र अजून ऐकू येतं.

त्यात बघे. २००५मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. मित्र शेजारी असले की १३ ते १६ वयाच्या मुलांनी फार जास्त धोका पत्करला. २४च्या पुढच्यांना विशेष फरक पडला नाही. नळावरचं भांडण सोडवताना काही शिक्षक आधी बघ्यांनाच वर्गात पिटाळतात, कॉलरचं नंतर बघतात.