गारठलेल्या बॅटरीला घाई सोसत नाही

तापमान शून्याच्या आसपास आहे आणि गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. सकाळी ती फास्ट चार्जरला जोडली. चार्जरवर १५० किलोवॉट असं ठळक छापलेलं, पण पडद्यावर आकडा दिसतो ३५. पाच मिनिटं झाली तरी ३८. पहिला संशय चार्जरवर जातो. बहुतेक वेळा चार्जर मात्र ठणठणीत असतो. करंट किती सोडायचा हे तो ठरवतच नाही. केबल जोडली की गाडी आणि चार्जर यांचं आपसात बोलणं सुरू होतं आणि गाडी जेवढा मागेल तेवढाच करंट चार्जर देतो. थंडीत गाडी मुद्दाम कमी मागते.

का, ते कळायला बॅटरीच्या पोटात शिरावं लागतं. चार्जिंग म्हणजे लिथियमच्या आयनांचं स्थलांतर. एका बाजूच्या धातूसंयुगातून ते सुटतात, इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवातून पलीकडे जातात आणि ग्राफाइटमध्ये मुक्काम करतात. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या अतिशय पातळ थरांची चळत. दोन थरांमधली फट ०.३३५ नॅनोमीटर. लिथियम आत बसलं की ही चळत साधारण १० टक्क्यांनी फुगते. ती पूर्ण भरते तेव्हा दर ६ कार्बन अणूंमागे १ लिथियम बसलेलं असतं.

थंडी या प्रवासाला टप्प्याटप्प्यावर अडवते. इलेक्ट्रोलाइटमधला एक मुख्य घटक असतो इथिलीन कार्बोनेट. तो एकटा ठेवला तर ३६ अंशांच्या खाली गोठतो, म्हणून त्यात पातळ द्रव मिसळावे लागतात. तापमान उतरलं की हे मिश्रणही दाटतं आणि आयनांची चाल मंदावते. पण खरी अडवणूक होते ती ग्राफाइटच्या दाराशी. द्रवातून आलेला आयन एकटा नसतो. द्रवाचे काही रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगलेले असतात. फटीत शिरायचं तर त्यांना झटकून टाकावं लागतं. शिवाय ग्राफाइटवर एक नाजूक पापुद्रा असतो, त्यातूनही वाट काढायची असते. या सगळ्याला लागणारी ऊर्जा रेणूंच्या उष्ण हालचालीतून मिळते आणि गारठ्यात नेमकी तीच आटलेली असते. आत शिरलेले आयनही थरांमध्ये पुढे सरकायला वेळ लावतात, त्यामुळे मागच्यांना जागा होत नाही.

अशा वेळी चार्जरने पूर्ण जोर लावला तर? दाराशी आयनांची गर्दी होते आणि आत जाण्याऐवजी ते तिथेच, ग्राफाइटच्या पृष्ठभागावर, इलेक्ट्रॉन घेऊन धातू बनतात. हे घडणं फार दूरचं नसतं. जवळजवळ भरलेलं ग्राफाइट आणि शुद्ध लिथियम धातू यांच्यातला फरक अवघा ०.१ व्होल्टच्या आसपास असतो. जोराच्या करंटने एवढं अंतर सहज पुसलं जातं. मग ग्राफाइटवर लिथियमचा मुलामा चढू लागतो. त्यातलं काही लिथियम पुन्हा वापरात येतं. काही सुटून पडतं आणि कायमचं निकामी होतं, म्हणजे बॅटरीची क्षमता तेवढी घटते. काही ठिकाणी धातूच्या सुया वाढतात. अशी सुई मधला पडदा भेदून पलीकडे पोचली तर सेलमध्ये शॉर्ट सर्किट होतं.

मला इथे बॅटरीचा इतिहास आठवतो. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी घडवलेल्या बॅटरीत एका बाजूला लिथियम धातूच होता आणि या सुयांनीच तिचा घात केला. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातू काढून त्या जागी कार्बन वापरला, तेव्हा कुठे लिथियम-आयन बॅटरी सुरक्षित झाली आणि १९९१ मध्ये बाजारात आली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना, जॉन गुडइनफ यांच्यासह, मिळालं. इतक्या कष्टाने बाहेर काढलेला तो धातू थंडीतल्या घाईने पुन्हा आत येऊ शकतो. गाडीचा हात आखडतो तो यासाठी.

हे राखण करण्याचं काम बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमचं. ती सेलचं तापमान सतत पाहते आणि त्यानुसार करंटला मर्यादा घालते. बऱ्याच लिथियम-आयन सेलना उणे २० अंशांपर्यंत वापरायची मुभा असते, चार्ज करायची मात्र ० अंशांच्या वरच. गाडी चालताना आयन ग्राफाइटमधून बाहेर पडत असतात, त्यामुळे मुलाम्याचा धोका नसतो. थंड सकाळी ब्रेकमधून वीज परत मिळणं कमी होतं तेही याच कारणाने, कारण ते चार्जिंगच असतं. उलट ७ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर थंडी फारशी जाणवत नाही. १५० किलोवॉटच्या मानाने आयनांची रांग वीसपटीहून लहान असते.

आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये टॅक्सी म्हणून चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या नोंदी तपासल्या. फास्ट चार्जरवर तेवढ्याच वेळात २५ अंशांपेक्षा ० अंशांना ३६ टक्के कमी चार्ज झाला होता.

उपाय एकच, बॅटरी आधी ऊबदार करणं. पण ते किती जड काम आहे ते पाहा. ४५० किलोची बॅटरी धरू. एक किलो एका अंशाने तापवायला ढोबळमानाने १ किलोज्यूल लागतो. म्हणजे ० वरून २५ अंशांवर आणायला ११,२५० किलोज्यूल, सुमारे ३ युनिट वीज. ५ किलोवॉटच्या हीटरला यासाठी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल, आणि वाटेत निसटणारी उष्णता वेगळीच. म्हणून अनेक गाड्यांत नकाशावर फास्ट चार्जर हे ठिकाण निवडलं की वाटेतच बॅटरी तापवायला सुरुवात होते. वाट पाठ असली तरी थंडीत ते ठिकाण नकाशात टाकावं, नाहीतर गाडीला आपला बेत कळणार कसा?

ही सोय नसेल तर वेळ निवडावी. लांबचा प्रवास संपतो तेव्हा बॅटरी त्यातल्या त्यात ऊबदार असते. चार्जिंग तेव्हाच, रात्रीच उरकावं. सकाळपर्यंत थांबलं तर ती ऊब निघून गेलेली असते आणि पहिली कित्येक मिनिटं बॅटरी तापण्यातच जातात.