स्क्रोल सॉवर लाकडी प्राण्यांचे पझल कापताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पाते वरखाली चालवून वळणदार काप देणाऱ्या यंत्रावर, पझल कापून झाले, पण तुकडे एका बाजूने सहज निघतात आणि दुसऱ्या बाजूने अडकतात, ही आमच्याकडून फळ्या, पाती आणि आराखडे नेणाऱ्या ग्राहकांची नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी आराखडा चुकला किंवा आपला हात वळणावर हलला असा समज होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा यंत्राच्या टेबलात असतो, आणि म्हणूनच या पत्रकात प्राण्यांच्या चित्रांपेक्षा टेबलाला आणि पात्याला अधिक जागा दिली आहे.

नेहमीच्या वापरातले ५ क्रमांकाचे पाते सुमारे १ मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असते. त्याने कापलेल्या दोन तुकड्यांमध्ये जवळपास या जाडीएवढीच फट राहते आणि तुकड्याला वरखाली सरकायला मिळणारी सवडही तेवढीच असते. टेबल पात्याशी काटकोनात नसून एका अंशाने जरी कललेले असेल, तरी २० मिलिमीटर जाडीच्या फळीत वरचा आणि खालचा काप एकमेकांपासून सुमारे ०.३५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे उपलब्ध फट जवळजवळ संपलीच. दोन अंशांचा कल असेल, तर एकमेकांत गुंतणारा तुकडा शंकूसारखा उतरता होतो आणि एकाच दिशेने निघतो.

टेबलावरच्या अंशांच्या खुणांवर विसंबू नये. लहान गुण्या पात्याला लावून पाहणे चांगले, पण पाते इतके अरुंद असते की गुण्याने नजर फसू शकते. त्याहून खात्रीची चाचणी अशी: ४० मिलिमीटर किंवा त्याहून जाड टाकाऊ लाकडाचा चौकोनी ठोकळा घेऊन त्याच्या कडेला २-३ मिलिमीटर खोल काप द्यावा, यंत्र बंद करावे, आणि ठोकळा उलटा न करता, खालची बाजू खालीच ठेवून, पात्याच्या मागच्या बाजूला फिरवून आणावा. पाते मागून त्या कापात अलगद बसले, तर टेबल गुण्यात आहे. कापाचे एक टोक पात्याला लागत असेल, तर दिसणारा फरक प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असतो, म्हणून टेबल त्याच्या निम्मेच फिरवावे. ही चाचणी प्रत्येक नव्या पझलपूर्वी करावी, कारण टेबलाचा स्क्रू कंपनाने सैल होतो.

टेबल गुण्यात असूनही तुकडे अडकत असतील, तर पात्याचा ताण पाहावा. योग्य ताणलेले पाते बोटाने छेडले की तंतुवाद्याच्या तारेसारखा स्वच्छ, उंच आवाज देते. आवाज बद्द आला, तर पाते सैल आहे. सैल पाते, किंवा ताण ठीक असूनही घाईने ढकललेली फळी, यांमुळे पाते मध्यभागी मागे आणि बाजूला वाकते व कापाची बाजू पोटाशी फुगीर होते. फळी पात्यावर लोटायची नसून, पाते जेवढे कापेल तेवढीच पुढे द्यायची असते. आणखी एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते: बहुतेक पात्यांच्या एका कडेला बनवतानाच बारीक खरखर उरते, त्यामुळे पाते त्या बाजूला ओढ घेते आणि सरळ ढकललेली फळी रेषेवरून सरकते. फळी किंचित तिरपी धरून हा कल सांभाळावा. दोन-चार पझलनंतर हात आपोआप तसा वळू लागतो.

एकाआड एक दात वगळलेली आणि तळाचे काही दात उलटे असलेली पाती आम्ही पझलसाठी सुचवतो. उलट्या दातांमुळे फळीच्या खालच्या बाजूला कुसळे कमी निघतात. १८ ते २० मिलिमीटरच्या कठीण लाकडासाठी ५ क्रमांक, त्याहून जाड फळीसाठी ७ क्रमांक आणि पातळ प्लायवूडसाठी २ किंवा ३ क्रमांक योग्य ठरतो. टोकांना आडवी पिन असलेली पाती बसवायला सोपी असली, तरी ती रुंद असल्याने लहान वळणावर अडतात. कापाच्या कडा काळ्या पडू लागल्या किंवा फळी पुढे द्यायला जोर लागू लागला, की पाते बदलावे. बोथट पात्याने काम रेटून वाचते ते पाते, आणि वाया जाते ती फळी.

आता आराखड्याकडे वळू. सर्वच प्राण्यांना गुंतणारे गोलवे, म्हणजे शेजारच्या तुकड्यात अडकणारे गोल डोक्याचे उंचवटे, लागतात असे नाही. इटालियन डिझायनर एन्झो मारी यांनी १९५७ मध्ये दानेझे या कंपनीसाठी केलेल्या प्रसिद्ध पझलमध्ये १६ प्राणी एकाच आयतात एकमेकांच्या आकाराला आकार लावून बसतात, आणि प्रत्येक प्राणी सुटा काढला तरी उभा राहतो. अशी रचना दिसायला साधी आणि आखायला अवघड असते. सुरुवातीला एकाच प्राण्याचे चार-पाच तुकडे करणारा आराखडा घ्यावा. गोलव्याची मान डोक्यापेक्षा अरुंद असली तरच तुकडे अडकून राहतात. मात्र ती फार बारीक केली तर मोडते, म्हणून कठीण लाकडातही आम्ही ती ६ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवत नाही. कापाची रेषा प्राण्याच्या अंगाला धरून न्यावी. हत्तीचा काप कानाच्या कडेने गेला, तर तो काप न वाटता कानच वाटतो. तोच काप डोळ्यातून गेला, तर हत्ती बिघडतो.

लाकडाच्या रेषांची, म्हणजे त्यातील तंतूंची, दिशा ठरवताना सर्वांत बारीक अवयव पाहावा. जिराफाचे पाय आणि मान उभी असल्याने रेषा उभ्या हव्यात. मगरीसाठी त्या आडव्या हव्यात. हत्तीची सोंड वळलेली असल्यास कोणतीही दिशा पूर्ण सुरक्षित नसते, तेव्हा सोंड जाड ठेवावी किंवा पायाला टेकवून घ्यावी. मेपल आणि बीच ही घट्ट, बारीक रेषांची लाकडे या कामाला उत्तम आहेत. साग सुंदर दिसतो, पण त्यातील सिलिकामुळे पाती लवकर बोथट होतात. उभ्या राहणाऱ्या प्राण्यासाठी फळीची रंधा मारलेली खालची कड हीच पायांची रेषा धरावी. पाय वेगवेगळे कापून नंतर घासून सारखे करण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो.

आराखडा थेट लाकडावर चिकटवू नये. आधी मास्किंग टेप लावून त्यावर कागद चिकटवावा आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेप ओढावी. या टेपमुळे पात्याचे घर्षण घटते आणि कडा जळत नाहीत. डोळ्याचे छिद्र कापण्यापूर्वीच, फळीखाली टाकाऊ लाकूड ठेवून, ड्रिलने पाडावे. बाहेरची आकृती आधी कापावी आणि आतले काप नंतर घ्यावेत, म्हणजे सुरुवातीलाच हातात सुट्या तुकड्यांचा ढीग न येता प्राणी जास्तीत जास्त वेळ एकसंध राहतो. काम संपताना बोटे पात्याजवळ येतात, त्या वेळी लहान तुकडा लाकडी पट्टीने दाबून धरावा.

घासताना फक्त पृष्ठभाग आणि बाहेरच्या कडा १५० व पुढे २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासाव्यात. आतल्या कापांवर पेपर जोरात फिरवला, तर फट वाढून पझल खिळखिळे होते. तेथे फक्त कुसळे झटकावीत. रंग किंवा वॉर्निशचा जाड थर नेमका याच्या उलट दोष निर्माण करतो, कारण तो त्याच ०.४ मिलिमीटरवर दोन्ही बाजूंनी चढतो. रंग दर्शनी भागापुरता ठेवून आतल्या कडांना तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होऊन ती आपोआप पेट घेऊ शकतात. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

धुळीबाबत आम्ही आग्रही आहोत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू राळेने चिकटवून केलेल्या फळीच्या, धुळीत राळेचाही अंश असतो. चांगला मास्क लावावा, धूळ शोषणारे यंत्र जोडावे, डोळ्यांवर चष्मा असावा.

तीन वर्षांखालील मुलांसाठी पझल करणार असाल, तर तुकड्याचा आकार हा शोभेचा प्रश्न राहत नाही. आयएसओ ८१२४-१ या खेळण्यांच्या मानकात ३१.७ मिलिमीटर व्यासाचे आणि तिरप्या तळाचे, २५.४ ते ५७.१ मिलिमीटर खोलीचे एक नळकांडे दिले आहे. कोणताही तुकडा, कसाही धरला तरी, त्यात पूर्ण मावता कामा नये. शेपटी किंवा कान सुटा करण्याचा मोह येथे टाळावा. विक्रीसाठी पझल करणाऱ्यांनी आपल्या देशातील नियम स्वतंत्रपणे पाहावेत.

फळी मागवताना जाडीबरोबर आराखड्यातील पायांची दिशाही कळवावी, म्हणजे आम्ही रेषा बघून तुकडा काढून देऊ. पाती मागवताना आपले यंत्र पिनची पाती घेते की सपाट टोकाची, हे लिहावे. फळी मिळाल्यावर सपाट पृष्ठभागावर ठेवून तपासावी. बाक आढळल्यास आराखडा चिकटवण्यापूर्वीच परत पाठवावी, कारण कापलेली फळी बदलून देता येत नाही.